कोरीव पूर्वज

न्यूझीलंडच्या उत्तर बेटातील रोटोरुआ या गावी जाणारा प्रवासी बहुधा उकळत्या चिखलाची कुंडे, गंधकाच्या दर्पाने भारलेली हवा आणि दिवसातून अनेक वेळा सुमारे ३० मीटर उंचीपर्यंत उसळणारे ‘पोहुतू’ नावाचे उष्णोदकाचे कारंजे पाहण्याच्या इराद्याने तेथे जातो. आणि त्याच आवारात, फाकारेवारेवाच्या त्या वाफाळत्या भूमीवर, लाकूड कोरणाऱ्या, त्या देशाचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी कारागिरांची जी शाळा आहे आणि तिच्या निकट जे कोरीव सभागृह उभे आहे, त्यांच्या वाट्याला प्रवासाच्या वेळापत्रकात कारंजे आणि भोजन यांच्या मधला उरलासुरला वेळ येतो. हा क्रम उलटा व्हावा, निदान मराठी वाचकाच्या मनात तरी तो उलटा व्हावा, ही पुढील पृष्ठांमागची इच्छा आहे. उष्णोदकाची कारंजी पृथ्वीच्या पाठीवर इतरत्रही आढळतात. परंतु एखाद्या समाजाने आपल्या पूर्वजाला लाकडाचा देह द्यावा, त्या देहाच्या आत बसून वादांचे निवाडे करावेत, पाहुण्यांचे स्वागत करावे, मृतांना निरोप द्यावा आणि रात्री त्याच्याच बरगड्यांखाली अंथरुणे पसरून आबालवृद्धांनी निजावे, ही गोष्ट समजून घ्यावयाची तर पाहणाऱ्याच्या चित्ताची काही पूर्वतयारी असावी लागते. ती तयारी करून देणे एवढेच या प्रस्तावनेचे काम आहे.

प्रथम त्या शाळेविषयी. आज ‘ते पुइया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थळी १९६३ च्या कायद्यान्वये माओरी कला व हस्तव्यवसाय यांची एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १९६७ साली तिची कोरीव कामाची शाळा सुरू झाली. तिच्या सुतारशाळेत गेल्यावर प्रथम जाणवतो तो तोतारा लाकडाचा वास, आणि त्यामागोमाग मोगरीचे ठोके, जे एका लयीत पडत आहेत असे वाटते न वाटते तोच दुसऱ्या कोपऱ्यातील दुसरी लय त्यांच्यात मिसळते. तोतारा हा त्या देशातील दीर्घायुषी वृक्ष. त्याचे लाकूड वजनाला हलके, तंतूने सरळ, पाण्यापावसाला दाद न देणारे, आणि म्हणूनच होड्यांना व घरांना सारखेच उपयुक्त. घोड्यांवर आडव्या टाकलेल्या लांबरुंद फळ्यांवर तरुण विद्यार्थी वाकलेले असतात. कोणाच्या फळीवर अजून केवळ रेषा आखलेल्या आहेत, कोणाच्या फळीतून खांदा आणि गुडघा वर येऊ लागला आहे, कोणी पूर्ण झालेल्या आकृतीच्या अंगावर समांतर चरे पाडून त्यांच्या मधल्या पट्टीत दातेरी खाचांची रांग उठवीत आहे. या शेवटच्या कामाकडे पाहणाऱ्याचे लक्ष सर्वांत आधी वेधले जाते, कारण नक्षीचा सारा झगमगाट त्यातच असतो. परंतु जाणता कारागीर परीक्षा करतो ती तिच्या खालच्या शरीराची. नितंबाचा भार कोठे आहे, मान किती वळली आहे, पोटावर ठेवलेल्या हातात बळ आहे की नाही, हे आधी वाकसाने ठरलेले असते आणि नंतरची कोणतीही पटाशी ते दुरुस्त करू शकत नाही.

आपल्याकडील सुतार ज्याला वाकस म्हणतो तेच हे हत्यार. माओरी त्याला ‘तोकी’ म्हणतात, आणि लोखंड येण्यापूर्वी त्याचे पाते दगडाचे असे. त्यांतही पौनामू नावाच्या कठीण हिरव्या दगडाचे पाते हे सरदारांच्या प्रतिष्ठेचे चिन्ह मानले जाई आणि त्याला व्यक्तीसारखे नाव असे. दगडाच्या पात्याला धार देण्यासाठी दिवसच्या दिवस घासावे लागे, आणि त्या पात्याने एक भिंतफलक पुरा करावयास किती धैर्य लागत असेल याची कल्पना आज विजेच्या करवतीच्या काळात करणे कठीण आहे. १७६९ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कुकच्या जहाजाबरोबर लोखंडाचा प्रवेश झाला. पुढे पोलादी पटाश्या मुबलक झाल्या, तसे कोरीव काम अधिक खोल, अधिक गजबजलेले होत गेले, आणि एकोणिसाव्या शतकात मोठमोठी कोरीव सभागृहे उभी राहिली ती या नव्या हत्यारांच्याच बळावर. तेव्हा ‘परंपरा’ म्हणजे युरोपीयांच्या आगमनापूर्वीच गोठून गेलेली काही वस्तू, अशी जी समजूत प्रवासवर्णनांतून दृढ झाली आहे ती येथे आरंभीच सोडून द्यावी हे बरे. पोलाद स्वीकारूनही ती कला माओरीच राहिली, कारण तिचे माओरीपण हत्यारात नव्हते.

ते कोठे होते हे सभागृहापाशी गेल्यावर कळू लागते. या घराला ‘फारे फाकाइरो’, म्हणजे कोरीव घर, म्हणतात, आणि प्रत्येक घर हे एका नामांकित पूर्वजाचा, क्वचित एखाद्या पूर्वजेचा, देह असते. दर्शनी शिखरावर जो मुखवटा असतो तो त्या पूर्वजाचा चेहरा, कोरुरु. तेथून छपराच्या दोन्ही पाख्यांच्या कडांनी खाली उतरणाऱ्या रुंद कोरीव फळ्या, माइही, हे आलेल्याला कवेत घेण्यासाठी पसरलेले त्याचे बाहू. आणि त्या फळ्यांची टोके फाडल्यासारखी चिरलेली असतात, ती त्याची बोटे. दार हे मुख, खिडकी हा डोळा. ओसरी ओलांडून आत गेल्यावर मान वर करावी: दर्शनी भिंतीपासून मागील भिंतीपर्यंत गेलेले आढे, ताहुहु, हा पाठीचा कणा, आढ्यापासून दोहों बाजूंनी उतरणारे रंगीत नक्षीचे वासे, हेके, या बरगड्या, आणि मध्यभागी आढे तोलून धरणारा खांब, पोउतोकोमानावा, हे हृदयाचे स्थान. भिंतींत अंतराअंतराने बसवलेले कोरीव फलक, पोउपोउ, हे त्या कुळातील इतर थोर पुरुष व स्त्रिया, आणि प्रत्येक फलकाच्या माथ्यापासून निघालेला वासा त्याला आढ्याशी, म्हणजे वंशाच्या मुख्य धारेशी, जोडतो. आपल्या जुन्या दप्तरांत वंशावळीचे जे वृक्ष काढलेले असतात ते कागदावर असतात. येथे मनुष्य वंशावळीच्या आत जाऊन बसतो, पाठ टेकतो ती कोणा पणजोबाच्या गुडघ्याला, आणि पाहुण्यांपुढे बोलताना हात करून दाखवतो की आमचे व तुमचे नाते अमुक खांबापाशी जुळते. ही वंशावळ केवळ अभिमानाची बाब नव्हती. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या जमीन न्यायालयापुढे कुळांना आपला हक्क सिद्ध करावा लागे तो अशाच वंशकथनाच्या आधारे, आणि ज्याला पिढ्या मुखोद्गत नसत त्याचा दावा लंगडा पडे.

दोन कोरीव फलकांच्या मधल्या जागेत विणलेल्या जाळीदार पट्ट्या असतात, तुकुतुकु, ज्यांत उभ्या-आडव्या काड्यांवर रंगीत पात्यांच्या टाक्यांनी जिने, तारे, माशांचे काटे अशा आकृती साधलेल्या असतात. परंपरेने लाकूड कोरणे हे पुरुषांचे आणि विणणे हे स्त्रियांचे काम. त्यामुळे प्रत्येक भिंत ही दोहोंच्या हातांनी आळीपाळीने पुरी झालेली असते, आणि कोरीव कामाचेच वर्णन करून थांबणारे ग्रंथ अर्ध्या भिंतीचेच वर्णन करीत असतात. फाकारेवारेवाच्या संस्थेत १९६९ पासून विणकामाचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले, आणि हाराकेके या स्थानिक तागासारख्या वनस्पतीच्या पानातून शिंपल्याने रेशमासारखा धागा ओढून काढणारी विणकरीण पाहणे हे मोगरीचे ठोके ऐकण्याइतकेच बोधप्रद आहे.

मराठी वाचकाकडून येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे, आणि तो आपल्या संस्कारांतूनच उद्भवणारा असल्यामुळे त्याचा उल्लेख केला पाहिजे. जोडे बाहेर काढून आत जावयाचे, आत अन्न न्यावयाचे नाही, भिंतीवर शिंपल्याच्या चकचकीत डोळ्यांच्या, जीभ बाहेर काढलेल्या भव्य आकृती. अशा ठिकाणी आपले हात आपोआप जुळतात. परंतु या आकृती देव नव्हेत आणि त्यांची पूजा होत नाही. आरंभीच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांपैकी अनेकांनी त्यांना मूर्ती समजून त्यांचा धिक्कार केला, आपण भक्तिभावाने त्यांना मूर्ती समजू. दोन्ही समजुती एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. हे पूर्वज आहेत. त्यांच्यापुढे नैवेद्य ठेवीत नाहीत, त्यांच्याशी बोलतात. अंगणात, म्हणजे माराएच्या मोकळ्या भूमीवर, भाषणास उभा राहणारा वक्ता जिवंत माणसांना अभिवादन करण्यापूर्वी घराला अभिवादन करतो, मृतांना हाक मारतो, आणि मगच समोर बसलेल्यांकडे वळतो. कुळातील कोणी निधन पावले की त्याचा देह या पूर्वजांच्या सान्निध्यात ठेवला जातो, दूरदूरचे आप्त येऊन त्याच्याशी प्रत्यक्ष बोलावे तसे बोलतात, रडतात, त्याला रागेही भरतात, आणि या विधीत अनेक दिवस जातात. मृत्यूला इतका अवकाश देणारी वास्तू मी अन्यत्र पाहिलेली नाही.

पाहुण्याने आत शिरावयाचे तेही आपल्या मर्जीने नव्हे. तो द्वारापाशी थांबतो. आतून एका स्त्रीची दीर्घ, उंच हाक येते, आणि पाहुण्यांतील एखाद्या स्त्रीने तिला उत्तर द्यावयाचे असते. पुरुषांची भाषणे, शस्त्रे, आव्हाने यांविषयी प्रवासी पुष्कळ लिहितात. परंतु या सर्वांच्या आधी उमटतो तो स्त्रीचा स्वर, आणि तो उमटल्यावाचून कोणीही पुढे पाऊल टाकत नाही. मग सावकाश चालत येणे, मध्ये थांबून दोन्ही पक्षांच्या मृतांचे स्मरण, यजमानांची व पाहुण्यांची भाषणे, प्रत्येक भाषणाला पाठबळ देणारे गीत, भेट अर्पण करणे, आणि शेवटी नाकाला नाक व कपाळाला कपाळ टेकवून एकमेकांचा श्वास वाटून घेणे. एवढे झाल्यावर वेगळ्या भोजनगृहात एकत्र जेवण होते व परकेपणाचे बंधन सुटते. प्रवाशांसाठी या विधीचे संक्षिप्त रूप रोज सादर केले जाते, ते पाहून कोणी नाक मुरडू नये. संक्षिप्त असले तरी त्यातील हाक खरी असते, आणि ती ऐकून ज्याची पावले मंदावतात त्याला पुढचे सर्व अधिक चांगले दिसते.

कोरीव कामाच्या उगमाची जी कथा पूर्व किनाऱ्यावरील कुळांत सांगितली जाते ती या सर्व विषयाची किल्ली आहे असे मला वाटते. रुआतेपुपुके नावाच्या पुरुषाचा मुलगा सागराधिपती तांगारोआच्या रोषाला पात्र झाला, आणि तांगारोआने त्याला पळवून नेऊन सागरतळीच्या आपल्या घराच्या शिखरावर शोभेची आकृती म्हणून बसवले. मुलाच्या शोधात रुआ समुद्रात उतरला. तांगारोआच्या घरापाशी येताच आतून बोलण्याचे आवाज त्याच्या कानी पडले. पाहतो तो घरातील कोरीव खांबच एकमेकांशी संभाषण करीत होते. ओसरीवरचे खांब मात्र नि:शब्द होते. रुआने सूड म्हणून त्या घराला आग लावली, मुलाला सोडवले, आणि परतताना बाहेरचे काही कोरीव खांब बरोबर आणले. तेव्हापासून मनुष्यांना कोरीव काम अवगत झाले. बोलणारे खांब जळाले, हाती आले ते मुके. म्हणून आज माओरी घरातील खांब बोलत नाहीत.

ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा ती केवळ एक रम्य कल्पना वाटली. घरे पाहत गेल्यावर तिच्यातील कठोर सत्य ध्यानात आले. ज्याअर्थी खांब मुका आहे त्याअर्थी त्याच्या वतीने बोलणारा वंशज त्याच्याजवळ असला पाहिजे. त्या आकृतीला तीन बोटे का, जीभ बाहेर का, हातात अमुक शस्त्र का, पायाशी मासा का, हे लाकडात लिहिलेले नाही. ते त्या कुळाच्या स्मरणात आहे, आणि तीन बोटांचीच पाहा, निरनिराळ्या भागांत निरनिराळी कारणे सांगतात. वंशजांपासून खांब तोडला की कलाकृती शिल्लक राहते, पूर्वज राहत नाही. एकोणिसाव्या शतकात हे अनेक घरांच्या बाबतीत प्रत्यक्ष घडले.

रोंगोफाकाता कुळाचे थोर कारागीर राहारुही रुकुपो यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी, आपल्या दिवंगत वडील बंधूंच्या स्मरणार्थ, पूर्व किनाऱ्यावर मानुतुके येथे ‘ते हाऊ की तुरांगा’ हे घर उभारले. आज टिकून असलेल्या मोठ्या कोरीव सभागृहांत ते सर्वांत जुने मानले जाते, आणि त्यात रुकुपो यांनी स्वतःची जी आकृती कोरली आहे तिच्या चेहऱ्यावरील गोंदणाची रेघन् रेघ स्वतःच्या चेहऱ्याशी मिळतीजुळती घेतलेली आहे. १८६७ मध्ये वसाहत सरकारच्या एका मंत्र्याने हे घर उखडून राजधानीच्या संग्रहालयासाठी जहाजावर चढवले. रुकुपो व इतरांनी त्याच वर्षी संसदेकडे अर्ज केला की हे घर आम्ही विकलेले नाही. अर्ज दप्तरी दाखल झाला आणि घर वेलिंग्टनला राहिले. ज्याने ते भावासाठी कोरले होते त्याच्या हयातीत ते परत आले नाही. ते पुन्हा कुळाच्या स्वाधीन करण्याचे तत्त्व सरकारने मान्य करीपर्यंत २०१२ चा समझोत्याचा कायदा उजाडावा लागला.

फाकाताने येथील ‘माताआतुआ’ या घराची हकिगत याहून दीर्घ. न्गाती आवा या कुळाची जमीन १८६६ मध्ये सरकारने जप्त केली होती. त्या आघातानंतर विखुरलेल्यांना एकत्र आणणारे हे घर १८७५ साली उघडले. चारच वर्षांनी सरकारने ते सिडनीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पाठवले, आणि तेथे मांडणाऱ्यांनी सोयीसाठी त्याच्या भिंती उलट्या लावल्या, जेणेकरून आतले कोरीव फलक बाहेरून दिसावेत. ज्या पूर्वजांनी आत बसलेल्या नातवंडांकडे पाहावयाचे त्यांना रस्त्याकडे तोंड करून उभे करण्यात आले. सिडनीहून मेलबर्न, मेलबर्नहून लंडनमधील साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय, तेथे सुमारे ४० वर्षे बासनात, १९२४ मध्ये वेम्ब्लीच्या साम्राज्य-प्रदर्शनात पुन्हा उभारणी, पुढच्या वर्षी ड्युनेडिनच्या प्रदर्शनासाठी न्यूझीलंडला परत, परंतु कुळाकडे नव्हे, तर ओटागोच्या संग्रहालयात आणखी सुमारे ७० वर्षे. याच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, याच सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या संग्रहातील आपल्याकडच्या असंख्य वस्तूही येऊन पडल्या होत्या, ही गोष्ट आपण विसरू नये. १९९६ मध्ये माताआतुआ न्गाती आवांना परत मिळाले आणि २०११ साली आपल्या मूळ गावी, आतला चेहरा आत घेऊन, पुन्हा उभे राहिले. उद्घाटनाच्या पहाटे त्याच्या उंबरठ्यावरून आत गेलेल्यांत असे कित्येक वृद्ध असतील ज्यांच्या आजोबांनीही ते घर उभे पाहिले नव्हते.

तिसरे घर ‘हिनेमिही’. ते एका पूर्वजेचे नाव, म्हणून तिला ‘ती’च म्हणावयाचे. रोटोरुआजवळ ते वाइरोआ या गावी १८८० च्या सुमारास वेरो तारोई व तेने वाइतेरे या कारागिरांनी ती कोरली. जवळच्या गुलाबी व शुभ्र पायऱ्यांचे निसर्गाश्चर्य पाहावयास येणाऱ्या गोऱ्या प्रवाशांमुळे गावात इतका पैसा खेळत होता की तिच्या आकृतींच्या डोळ्यांत शिंपल्याऐवजी सोन्याची नाणी बसवली गेली. १० जून १८८६ च्या रात्री तारावेरा पर्वताचा स्फोट झाला, त्या पायऱ्या नष्ट झाल्या, शंभराहून अधिक माणसे राखेखाली मेली, आणि जी थोडी वाचली त्यांतील काही हिनेमिहीच्या आत आश्रयाला बसलेली होती. सहा वर्षांनी, गाव उजाड पडले असता, मायदेशी परतणाऱ्या गव्हर्नरने ती ५० पौंडांना विकत घेऊन इंग्लंडमधील आपल्या क्लँडनच्या बागेत नेली. येथे मात्र कथा थोडी निराळे वळण घेते. पुढील काळात लंडनमध्ये राहणारे माओरी त्या बागेत जाऊन तिला भेटू लागले, तिच्या अंगणात जेवणावळी व गाणी होऊ लागली, म्हणजे परमुलखातही मुक्या खांबांच्या वतीने बोलणारे कोणीतरी उभे राहिले. २०१९ साली तिची कोरीव अंगे न्यूझीलंडला परत पाठवण्याचे व त्यांच्या बदल्यात नवी कोरीव कामे क्लँडनला देण्याचे मान्य झाले. या देवघेवीत जो समंजसपणा आहे तो मला फार मोलाचा वाटतो: जुन्या पूर्वजेने घरी जावे, आणि जेथे तिला आसरा मिळाला तेथे जिवंत कारागिरांच्या हातचे काम राहावे.

परंतु जिवंत कारागीर तरी उरले कसे? विसाव्या शतकाच्या आरंभी माओरी नामशेष होणार असे गोऱ्या समाजात सर्रास बोलले जात होते. १९०७ च्या कायद्याने ‘तोहुंगा’ म्हणजे परंपरेतील जाणत्या पुरुषांच्या काही व्यवहारांवर बंदी आणली. आणि लाकूड कोरण्याची विद्या काही थोड्या वृद्धांच्या हातांत, मुख्यतः रोटोरुआ परिसरातील न्गाती ताराफाई कुळात, शिल्लक होती. ती जगवण्याचे श्रेय प्राधान्याने आपिराना न्गाता (१८७४–१९५०) यांना द्यावे लागते. पदवीधर, वकील, संसद सदस्य, पुढे मंत्री. सरकारी दप्तराची भाषा त्यांना पूर्ण अवगत होती, आणि त्याच भाषेत त्यांनी १९२६ चा कायदा मंजूर करवून घेऊन पुढच्या वर्षी रोटोरुआ येथे कोरीव कामाची शाळा उघडली. ही आजच्या शाळेची पूर्वज.

त्या पहिल्या शाळेतील एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. विद्यार्थी पटाशी चांगली चालवू लागले होते, नमुने अचूक उतरत होते, तरीही न्गातांना त्या कामात काही उणे वाटत होते. जुन्या कामातील उसळी त्यात नव्हती. उणे होते ते वाकसाचे. मोठ्या आकृतीला प्रथम वाकसाने घडवण्याची रीत शिकवणारा कोणी शाळेत राहिलाच नव्हता. तेव्हा पाइन तैआपा या तरुण विद्यार्थ्याने न्गाती ताराफाईचे वयोवृद्ध कारागीर एरामिहा कापुआ यांना गाठले, त्यांच्याकडून वाकस धरण्याची, फिरवण्याची, लाकडातून आकृतीचा भार काढण्याची विद्या घेतली, आणि ते वृद्ध पुढे शाळेतही शिकवू लागले. साऱ्या परंपरेचे भवितव्य एका वृद्धाच्या मनगटात येऊन थांबले होते, आणि ते वेळेवर ओळखणारा शिष्य तिला भेटला. पाइन व त्यांचे बंधू होने यांनी त्यानंतर गावोगाव घरे उभारली. राजकुमारी ते पुएआ यांनीही वाइकातोहून आपली माणसे शिकावयास धाडली. आणि ब्रिटिश सत्ता व माओरी सरदार यांच्यात झालेल्या १८४० च्या तहाच्या शताब्दीला, १९४० साली, वायतांगी येथे जे सभागृह उघडले त्याच्या भिंतींवर एकाच नव्हे तर देशभरच्या कुळांचे पूर्वज आपापल्या भागाच्या शैलीत शेजारी शेजारी उभे राहिले. १९६७ मध्ये नवी शाळा निघाली तेव्हा तिच्या प्रमुखपदी होने तैआपाच होते. एरामिहा कापुआंच्या मनगटातून निघालेली ओळ अशी फाकारेवारेवाच्या सुतारशाळेत येऊन पोचते.

या शाळेवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो: प्रवाशांच्या गर्दीत, तिकिटाच्या पैशावर, काचेपलीकडच्या वस्तूसारखी चालवलेली कला कितपत अस्सल? आक्षेप घेणाऱ्यांच्या कळकळीविषयी मला शंका नाही, परंतु त्यांनी हिनेमिहीच्या सोन्याच्या डोळ्यांकडे पाहावे. रोटोरुआच्या कारागिरांना प्रवाशांचे आश्रयदातृत्व गेल्या शतकाहूनही जुने आहे. तेने वाइतेरे यांनी आयुष्यभर स्वकीयांसाठीही कोरले आणि हॉटेलवाल्यांसाठीही. प्रवेशशुल्काच्या उत्पन्नातून विद्यार्थ्यांचे शिक्षण चालते, शिक्षण संपवून ते आपापल्या कुळात परततात, आणि पावसाने कुजलेल्या गावच्या घराचे खांब नव्याने कोरतात. पैशाचा प्रवाह उलट दिशेने, म्हणजे घर उपटून प्रदर्शनाकडे, वाहत होता तो काळ ज्याने वाचला आहे त्याला या व्यवस्थेचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. शिवाय २०२० साली संसदेने कायदा करून संस्थेची मालकीही सरकारकडून स्थानिक माओरींकडे सोपवली आहे. अस्सलपणाची माझी कसोटी साधी आहे. कोरून झालेला फलक जाणार कोठे, आणि त्याच्यापुढे उभे राहून त्याच्या वतीने कोण बोलणार?

हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे परतले तर मन अस्वस्थ होते. मेळघाटातील कोरकू लोक आपल्या मृतांसाठी लाकडी स्मृतिफलक कोरतात, त्याला ते ‘मुंडा’ म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार असतात, आणि तो उभा करण्याचा विधी हा मृताला पूर्वजांत सामील करून घेण्याचा विधी असतो. असे कोरीव खांब आपण लोककलेच्या पुस्तकांत सुंदर छायाचित्रांतून पाहतो आणि पान उलटतो. ते कोणासाठी कोरले, त्यांच्या वतीने बोलणारे कोठे आहेत, ही विचारपूस आपल्या सुशिक्षित समाजाने फारशी केलेली नाही. आणि ऑकलंड, वेलिंग्टन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले शाळेबरोबर माराएवर जातात, दाराशी थांबून हाकेची वाट पाहावयास शिकतात, तेव्हा ती जी शिस्त अंगी बाणवीत आहेत तिची गरज मेळघाटात जाणाऱ्यालाही तितकीच आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे सांगून हे लांबलेले निवेदन आवरतो. पहिल्या भागात वृक्ष आणि हत्यारे येतात, आणि तेथे राता नावाच्या वीराची कथा सविस्तर दिली आहे, ज्याने वनदेव तानेची अनुज्ञा न घेता झाड पाडले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो पक्ष्यांनी व कीटकांनी एकेक ढलपी जुळवून ते पुन्हा उभे केलेले होते. आजही मोठे झाड घेण्यापूर्वी प्रार्थना होते, आणि कोरताना उडालेल्या ढलप्या चुलीत घालीत नाहीत, यांमागे तीच धारणा आहे. दुसऱ्या भागात घराची अंगे, तिसऱ्यात नेलेली व परत आलेली घरे, चौथ्यात शाळा. माओरी नावांतील ज्या वर्णाचा उच्चार बहुतेक कुळांत ‘फ’च्या जवळ जातो तो देवनागरीत ‘फ’ असाच लिहिला आहे. घरांच्या बाह्यांगाची आणि सुतारशाळेची चित्रे योग्य त्या ठिकाणी घातली आहेत. आतील भिंतींवरील पूर्वजांची छायाचित्रे मात्र या पुस्तकात नाहीत, कारण अनेक ठिकाणी ती घेण्यास मनाई असते आणि जेथे नसते तेथेही ज्यांचे ते पूर्वज त्यांच्या संमतीवाचून ती छापणे मला योग्य वाटले नाही. त्यांचे वर्णन तेवढेच केले आहे जेवढे यजमान पाहुण्यांना उघडपणे सांगतात, आणि ज्यांना त्याहून अधिक पाहावयाचे असेल त्यांनी त्या दाराशी जाऊन थांबावे.